नळीवाला की बिननळीचा

आंबापाडा, धडगावच्या वर
१२ एप्रिल २०२५

किंजल,

सप्रेम नमस्कार, इकडील सर्व क्षेम वगैरे शाळेत शिकवलं होतं, ते मी लिहिलं असं समज. क्षेम काही नाही. कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून घरी आलो त्या दिवशी बापू एवढंच म्हणाले, "शिकनं नही ना तुले? मंग जाय डोंगरवर, पंप बसाड." आणि ओळखीच्या सोलरवाल्याच्या टेम्पोत मला पॅनेलांबरोबर भरून दिलं. पॅनेलांखाली निदान गवत घातलं होतं.

इथे टॉवर नाही, आणि तुझा फोन तुझ्या भावाच्या गल्ल्यात. म्हणून हा कागद. इंद्रसिंगची जीप तळोद्यापर्यंत नेते, तिथून शहाद्याच्या बसने लोणखेड्याला, आपल्या मैदानावर, शीला मॅडमच्या हाती. मॅडम कोच म्हणून कडक आहेत, पण पोस्टमन म्हणून चांगल्या.

तुझी चिठ्ठी मिळाली. किती लांब लिहिलीस! "नवी स्ट्रिंग पाठव. पीप नळीवाला बसवू की बिननळीचा?" एवढं वाचून माझी झोप उडाली, तुला काय!

तुझा अभिनंदनभाऊ मागे विचारत होता ना, धनुष्याच्या दोरीत शर्टाचं बटण कशाला शिवलंय म्हणून? त्याला सांग (माझं नाव न घेता), ते बटण म्हणजे पीप. स्ट्रिंगच्या धाग्यांमधे बसवलेली चकती. धनुष्य पूर्ण खेचलं की ती डोळ्यासमोर येते आणि तिच्या भोकातून टार्गेट दिसतं. गोची एवढीच, की खेचताना स्ट्रिंग पीळ सोडते आणि पीप फिरतो. भोक डोळ्याकडे बघायचं सोडून कानाकडे बघायला लागतं. नळीवाल्याला एक बारीक रबरी नळी असते, तिचं दुसरं टोक धनुष्याच्या केबलला, म्हणजे चाकांवरून जाणाऱ्या दुसऱ्या दोरीला, बांधलेलं. खेचलं की नळी ताणते आणि पीपला कान धरून सरळ करते. बिननळीच्याचा कान धरणारं कुणी नाही. तो निव्वळ स्ट्रिंगच्या भरवशावर.

यावर मी तळोद्याला उतरून व्हिडिओ भरून आणले. सगळे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे. अंगावर पाल्याची चित्रं, तोंडाला काळं. एक म्हणतो, नळी सुटताना फट्ट वाजते, हरिण पळतं. दुसरा म्हणतो, पहाटेच्या अंधुकात हरिण समोर उभं असताना पीप फिरवत बसायला वेळ कुणाला, नळीच पाहिजे. दोघे तासभर भांडले. हरिण काही आलं नाही.

माझा निकाल: बिननळीचा. रबर आपल्या उन्हात चिरतं, तुटलं की डोळ्यापाशी चाबकासारखं बसतं, बाणही जरा मंदावतो. शिवाय धनुष्य सलाईन लावलेल्या पेशंटसारखं दिसतं. मी स्वतः वळलेल्या स्ट्रिंगला सलाईन? त्यापेक्षा माझी तिरडी बांधा.

ते व्हिडिओ बघून मलाही शिकारीची खाज आली होती. घरी बापूंच्या मक्याची रानडुकरांनी पार वाट लावलीय. पण इंद्रसिंग म्हणाला, "डुक्कर मारशी तं फॉरेस्टवाला तुले धरी लई जाई." कायद्याचं एक वेळ सोड, तुझ्या कंकुबाई दादीला कळलं असतं तर तुझ्या गल्लीतून सायकल नेणंही बंद झालं असतं. म्हणून डुक्कर वाचलं. एक जीव दादीच्या पुण्यात जमा कर.

सोबत स्ट्रिंग, आणि मेण. दुकानातली कांडी नाही. इथल्या कड्यावरच्या आग्या मोहोळाचं, मी स्वतः चढून, धूर करून काढलेलं. गुडघा फुटला, डावा कान पापडासारखा झालाय. सरावाआधी रोज बोटाने घासून लाव. बिननळीचा पीप याच मेणावर टिकतो. मेण असलं की धागे एकमेकांना धरून राहतात, सुकले की जो तो आपल्या वाटेने जातो आणि पीपला फिरवतो.

तुझा (खोडणार नाही, दिसू दे),
ललित

शहादा
१९ एप्रिल

लल्या,

"तुझा" दिसलं. शीला मॅडमनाही दिसलं असणार, कारण पाकीट तू भाताच्या शितांनी चिकटवलं होतंस आणि ते वाटेतच उघडलं. दिवसभर मला दंड-बैठका जास्त पडल्या.

तुझे शिकारी वाचून हसले. मी कुठल्या हरणामागे जाणार आहे? माझं टार्गेट कागदाचं. ते फट्ट आवाज ऐकून पळत नाही. घरात मी धनुष्य घेतल्यापासून दादी त्या कागदाचीसुद्धा कीव करते. पहिल्या दिवशी विचारलं होतं, "इण कागद थारो कांई बिगाड्यो?" म्हणजे या कागदाने तुझं काय वाकडं केलं?

आता कामाचं. सुरतेचं स्थळ आलंय. साड्यांचा धंदा. मुलाचं नाव तरुण, पण फोटोत काकांसारखा दिसतो. मी रडले नाही, दादीसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, मला अजून खेळायचंय. दादीने माळ बाजूला ठेवून निवाडा दिला. सतरा मेला नंदुरबारला विभागाच्या संघाची निवड चाचणी आहे. संघात गेले तर दोन वर्षं घरात लग्नाचं नाव कुणी काढायचं नाही. नाही गेले तर सुरतवाल्यांना चहाला बोलवायचं. दादीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, तो भैयाही पुसत नाही.

म्हणजे बघ, तुझ्या त्या शर्टाच्या बटणावर माझी दोन वर्षं टांगलीत.

मॅडम म्हणतात, "नळी लाव आणि गप राहा. दिसायला घाण, पण दगा देत नाही." तू म्हणतोस बिननळीचा. मी तुझं ऐकलं. मॅडमना सांगितलं, माझा स्ट्रिंगवाला मोठा विद्वान आहे, डोंगरात तपाला बसलाय.

स्ट्रिंग छान बसली. मेण मिळालं. वास छान आहे.

कानाला काय लावलंस?

किंजल

आंबापाडा
२४ एप्रिल

किंजल,

कानाला चुना लावला. इंद्रसिंगने सांगितलं म्हणून. आता कान पापडाऐवजी पानपट्टीसारखा दिसतो.

तरुण! बापाने नाव काय ठेवलंय! उद्या याचा मुलगा झाला तर त्याचं नाव बालक ठेवतील. साड्यांचा धंदा म्हणे. त्याला स्ट्रिंग आणि नाडा यातला फरक तरी कळतो का? चहाला आलाच तर साखरेच्या जागी... जाऊ दे, तू जैन आहेस, तुला असले विचार लिहून पाठवणंही पाप.

तो येणार नाही. तू संघात जाणार. मी सांगतो तसं कर. डोळे मिटून धनुष्य खेच, जबड्याला हात टेकव, मग डोळा उघड. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. लंबगोल दिसलं तर पीप फिरलाय. बरोबर बसला की बाजूच्या धाग्यावर नेलपॉलिशची बारीक खूण कर, म्हणजे हलला तर कळेल. भरपूर बाण मार, नवी स्ट्रिंग ताणून ताणूनच शांत होते, माझ्यासारखी नाही. आणि मेण! मेण लावतेस ना?

मॅडमना सांग, विद्वान तपाला नाही, खड्ड्यात बसलाय. इथल्या खडकात पंपाच्या खांबासाठी खड्डा खणायचा म्हणजे पहार रडते.

तू "तुझा" दिसलं एवढंच लिहिलंस. दिसलं ते मलाही माहीत आहे, मीच लिहिलंय. दिसून काय वाटलं?

ललित

शहादा
२ मे

लल्या,

काय वाटलं ते नंतर. आधी हे ऐक.

पीप फिरतोय. पहिले काही दिवस गोल दिसत होतं. आता खेचलं की नुसती फट दिसते, वालाच्या दाण्याएवढी. सकाळी एका बाजूला फिरतो, दुपारी दुसऱ्या. मी पीळ घालून सरळ करते, चार बाण नीट जातात, की पुन्हा तेच. काल एक बाण टार्गेट सोडून मागच्या बाभळीत गेला. मैदानावरची सगळी पोरं बाभळीला पाणी घालायला धावली, म्हणे पेशंटला शुद्धीवर आणा. मीपण हसले. मग शेडमागे जाऊन हसणं थांबवलं.

तू सांगितलंस तसंच सगळं करतेय. खूण केली, डोळे मिटून बघते. धनुष्य रोज आमच्या भांड्यांच्या दुकानाच्या टेम्पोतून मैदानावर येतं-जातं, भैया स्वतः आणतो. त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही.

चाचणी जवळ आली. घरात सुरतवाल्यांसाठी नवे कप आणलेत. मी मुद्दाम त्यातल्या एकात दूध प्याले. दादी म्हणाली, "पी ले, पी ले, कप तो कप है."

काय बिघडलं असेल?

किंजल

आंबापाडा
५ मे

किंजल,

काय बिघडलं ते मला कळलं. तू स्वतःच लिहिलंस आणि तुला दिसलं नाही. "भैया स्वतः आणतो."

तुझ्या भावाला तू सुरतेला गेलेली हवीस. तो टेम्पो दुपारभर पत्र्याखाली तापतो, स्ट्रिंग शेवयासारखी सैल पडते. नाहीतर तो सरळ हातानेच पीप फिरवून ठेवत असणार. बटण बटण म्हणत हसायचा ना? माझी स्ट्रिंग अशी वागूच शकत नाही. मी धाग्यान् धागा मोजून दोन्ही बाजूंना सारखा वाटलाय. त्यावर मेण आहे. तू सगळं बरोबर करतेस, मी सगळं बरोबर केलंय, मग उरलं कोण?

कॉलेजात क्रीडा समितीच्या त्या सरांनी भाच्याला संघात घुसवला तेव्हाही मला सगळे म्हणाले, ललित, पुरावा काय? पुरावा शोधत बसलो असतो तर अजून तिथेच बसलो असतो. मी सरांच्या खुर्चीतली गादी काढून विहिरीत टाकली आणि कॉलेज सोडलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

उद्याच्या जीपने खाली येतोय.

ललित

शहादा
९ मे

ललित,

तू त्या दिवशी काय केलंस ते आधी तुलाच सांगते, कारण राग आला की तुला तू दिसत नाहीस.

भर बाजाराच्या वेळेला आमच्या भांड्यांच्या दुकानात शिरलास. भैया एका बाईंना कुकर दाखवत होता. तू काउंटरवरून वाकून त्याची कॉलर धरलीस आणि ओरडलास, "पीपले हात कसाले लावना रे तू?" त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, पहिले मन्हं कुकर दखाडू द्या, मंग करा मारामारी." भैयाने तुझा हात झटकला, तो मागच्या डब्यांच्या उतरंडीला लागला आणि सगळे स्टीलचे डबे खाली. आवाज असा झाला की समोरच्या मेडिकलवाल्याने शटर ओढलं. एक टोप अजून लंगडा आहे. भैयाने त्यावर "सेल" लिहिलंय.

आतून दादी आली. तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "छोरो गैलो है कांई?" मी म्हटलं, वेडा नाही दादी, डोंगरातून आलाय. तर म्हणाली, "पाणी पाओ इणने. तावड़ो लाग्यो है." ऊन लागलंय याला, पाणी द्या.

आणि तू प्यायलास! भांडण तसंच टाकून, तांब्या तोंडाला लावून, गटागटा. शर्ट ओला झाला, कानाला अजून चुन्याचे डाग. ते बघून मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण चूक माझी होती आणि कॉलर भैयाची फाटली.

भैया धनुष्य रजईत गुंडाळून टेम्पोच्या पुढच्या सीटवर ठेवतो आणि ड्रायव्हरशेजारी जागा उरत नाही म्हणून स्वतः मागे परातींत बसतो. तू गेल्यावर त्याने हे मला पहिल्यांदा सांगितलं.

मी मेण लावलंच नाही. एकदाही.

आमच्याकडे मध घरात येत नाही, हे तुला माहीत आहे. मोहोळ म्हणजे माशांचं घर, ते जाळून काढलेलं काहीही नको, हा नेम मी लहान असताना दादीपाशी बसून घेतलेला आहे. मेण खायचं नसतं, नुसतं दोरीला लावायचं असतं, यावर शास्त्रात काय आहे मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. रोज डबी उघडायचे, बोट पुढे न्यायचे आणि बोट तिथेच थांबायचं. तुला लिहायला हवं होतं. पण तू कड्यावर चढलास, गुडघा फोडलास, कान सुजवलास. त्यावर "नको" कसं लिहू? म्हणून लिहिलं, वास छान आहे. तो खरंच छान आहे.

तू डुक्कर सोडलंस आणि दादीच्या पुण्यात एक जीव जमा केलास. मोहोळात किती होते, लल्या?

आता स्ट्रिंग कोरडी पडून धाग्यांना लव आलीय. चाचणी पुढच्या आठवड्यात. सांग काय करू. ओरडून झालं असेल तर.

किंजल

आंबापाडा
११ मे

किंजल,

तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग आठवलं की कॉलर माझ्याच हातात होती, मग हसू गेलं. इंद्रसिंगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू पोरीसाठी मोहोळ जाळना, आनि पोरगीनी मोहोळसाठी तुन्हं मेन सोडी दिन्हं. दोन्ही येडा शेतस." त्याचं बरोबर आहे, पण मी तसं त्याला म्हटलं नाही, तो भाडं वाढवतो.

तुला माहीत होतं आणि मला नव्हतं, असंही नाही. मला माहीत होतं. तुमच्या घरी मध चालत नाही हे मी तुला दहा वेळा चिडवलेलं आहे. तरी कडा चढताना डोक्यात फक्त मी होतो, मी किती वर चढलो आणि तुला ते कळेल तेव्हा तुझं तोंड कसं होईल. माशा डोक्यात आल्याच नाहीत. कानात आल्या.

आता नीट वाच. नवी स्ट्रिंग पाठवू शकतो, पण चाचणीच्या तोंडावर नवी स्ट्रिंग चढवायची नसते, ती शांत व्हायला वेळ लागतो. दुकानातलं दुसरं मेण मिळेल, पण एवढी लव आलेले धागे त्याने आठवड्यात जागेवर येणार नाहीत. मग उरतो एकच उपाय आणि तो लिहिताना पेन अडतंय.

नळी लाव.

हसू नकोस. मॅडमकडे ताजी नळी असेल, जुनी घेऊ नकोस, बोटाने ताणून बघ, बारीक भेग दिसली की फेक. एक टोक पीपला, दुसरं केबलला. फार तोकडी ठेवलीस तर ओढून ओढून तुटेल, फार लांब ठेवलीस तर पीप पूर्ण वळणार नाही. खेचल्यावर पीप सरळ होईल आणि नळी ताठ दिसेल, एवढीच. आणि चष्मा घाल. साधा काचेचा चालेल, पण घाल. नळी तुटली तर डोळा जाता कामा नये. संघ गेला तरी चालेल, असं मी लिहिणार होतो, पण चालणार नाही, मला माहीत आहे.

मी चाचणीला येत नाही. आलो तर कुणाची तरी कॉलर धरीन.

ही खालची ओळ फाडून भैयाला दे:

अभिनंदनभाऊ, माझी चूक झाली. टोप मीच विकत घेतो, लंगडा असला तरी आमची म्हैस त्यात पाणी पिईल. ललित हिंमतराव.

ललित

शहादा
१९ मे

लल्या,

भैयाने तुझी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "म्हैस कुठल्या घराण्यातली आहे ते विचार." म्हणजे मिटलं असं समज.

आता चाचणीचं.

नळी लावली. धनुष्य खरंच सलाईन लावल्यासारखं दिसत होतं. धुळ्याची स्वप्नाली नावाची मुलगी माझ्या शेजारी उभी होती, तिने विचारलं, "याला काय झालंय?" मी म्हटलं, अशक्तपणा. पण खेचलं की भोक गोल, प्रत्येक वेळी गोल, मधोमध टार्गेटचा पिवळा ठिपका. इतके दिवस फटीतून बघून बघून मला तो पिवळा केवढा मोठा वाटला! माझे हात आपोआप खाली आले. मॅडम मागून म्हणाल्या, "आता काय, नजर लावतेस का त्याला? मार."

दादी आली होती. टेम्पोतून, रजईवर बसून. छत्री घेऊन मैदानाच्या कडेला खुर्ची टाकली आणि प्रत्येक बाणाला भैयाला विचारत होती, "लाग्यो?" दुपारनंतर वारा सुटला, तेव्हा तिने छत्री मिटून घेतली, जणू तिच्या छत्रीनेच माझा बाण ढळत होता.

पहिल्या दोघी लांब पुढे गेल्या. तिसऱ्या जागेला मी आणि स्वप्नाली, दोघींचे गुण सारखे. संघात तिघी आणि एक राखीव. मग दोघींनी एकेक बाण मारायचा, मध्याच्या जवळ जिचा, ती तिसरी.

तिचा आधी गेला. पिवळ्यात. मी खेचलं. पीप सरळ, नळी ताठ, चष्मा डोळ्यावर, वारासुद्धा थांबलेला. लल्या, काहीही बिघडलेलं नव्हतं. मला कप दिसले. ते नवे कप, ट्रेमध्ये मांडलेले. आणि मी घाई केली. बाण पिवळ्यातच गेला, पण तिच्यापेक्षा बोटभर बाहेर.

मी राखीव.

घरी आल्यावर भैयाच म्हणाला, "दादी, राखीव म्हणजे संघातच. गाडीत बसणार, गणवेश मिळणार." माझा भैया, ज्याने सुरतेचं स्थळ आणलं तो! दादी म्हणाली, "खेलसी?" भैया म्हणाला, कुणाचा हात दुखला तर खेळेल. दादीने पुष्कळ वेळ माळ ओढली. मी उभीच. शेवटी म्हणाली, राखीव म्हणजे पंगतीत पान मांडलंय, वाढलेलं नाही. अर्धी आलीस, तर शब्दही अर्धा. एक वर्ष.

सुरतवाल्यांना भैयाने फोन केला. कप कपाटात गेले.

मी रात्री पोटभर रडले आणि सकाळी मैदानावर गेले.

किंजल

आंबापाडा
२२ मे

किंजल,

ओरडलो! एवढ्या मोठ्याने की खालच्या पाड्यावरून माणसं विचारायला आली, कुणी पडलं का? मी म्हटलं, पडला, सुरतेचा एक काका पडला.

बोटभर! त्या स्वप्नालीच्या बाणाचं माप कुणी घेतलं? पट्टी कुणाची होती? बरं, सोडतो. सोडलं.

एक वर्ष पुष्कळ आहे. मी सगळं ठरवलंय. पावसाळ्यात खाली येतो, बापूंच्या पाया पडतो, ते दोन लाथा घालतील, मग ऐकतील. कॉलेजला परत नाव घालतो, तू म्हणशील तर त्या सरांची गादीही विहिरीतून काढून देतो. दादीला मी आवडलोय, तिने मला पाणी दिलं. दिवाळीपर्यंत मी भैयाला पटवतो. तुझे लोक जैन, आमचे गुजर, घरात आदळआपट होईल, होऊ दे, माझा आवाज मोठा आहे. हे वर्ष आपलं आहे, किंजल. वर्ष संपायच्या आत आपलं ठरवूनच टाकू, म्हणजे पुन्हा कुणी कप आणणार नाही.

आणि जे पहिल्या पत्रापासून लिहायचंय ते लिहितो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. बघ, लिहिताना कड्यावर चढण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

तुझा,
ललित

शहादा
२८ मे

ललित,

तुझं पत्र मी मैदानावर, ऊन उतरेपर्यंत बसून वाचलं.

तू मला आवडतोस. खोटं लिहिणार नाही, एकदा लिहून पाहिलं तर भैयाची कॉलर गेली. तू दुकानात पाणी पीत होतास तेव्हा तर फारच आवडलास.

पण तू लिहिलंस, हे वर्ष आपलं. ते आपलं नाही. दादीने ते मला दिलं. दोन होती, त्यातलं एक मी माझ्याच हाताने घालवलं, आणि उरलेलं एक मी तीस-चाळीस पोरींमध्ये उभी राहून मिळवलंय. ते मी सुरतवाल्याला दिलं नाही. मग तुला कसं देऊ? तुझ्या पत्रात दिवाळी आली, बापू आले, भैया आला, तुझा मोठा आवाज आला. मी रोज सकाळी काय करायचं, ते कुठेच नव्हतं.

पुढच्या वर्षी मला राखीव राहायचं नाही. एवढंच मला आत्ता ठाऊक आहे. लग्नाचं मी या वर्षात कुणालाच हो म्हणणार नाही, आणि तुझ्यासाठी मनात जपूनही ठेवणार नाही. वर्ष झालं की तेव्हाची किंजल ठरवेल.

कॉलेजला जायचं तर माझ्यासाठी जाऊ नकोस. मला उगाच ओझं.

राग येईल. येऊ दे. पण खाली येऊ नकोस.

किंजल

आंबापाडा
३ जून

किंजल,

राग आला. इंद्रसिंगच्या जीपच्या टायरला लाथ मारली. टायरला काही झालं नाही.

मग तुला उत्तर लिहिलं. चार पानी. त्यात तुझ्या दादीपासून सुरतेपर्यंत एकालाही सोडलं नव्हतं, तुलाही नाही. ते पाकिटात घालून इंद्रसिंगला दिलं तर त्याने हातच पुढे केला नाही. म्हणाला, "भो, कागद गरम शे. मन्हा खिसा जळी जाई. सकाळे दे." सकाळी मी ते पुन्हा वाचलं आणि चुलीत घातलं. चहा मात्र झाला त्याच्यावर.

तुझं बरोबर आहे, असं लिहायला मला जड जातंय, म्हणून लिहीत नाही. पण वर्ष तुझं. मी ते मागणार नाही. विचारायचं ते विचारून झालं, पुन्हा विचारणार नाही, आणि दर पत्रात तोंड पाडूनही बसणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन. एखाद्या पत्रात बसलोच तर ते पान वगळून वाच.

कॉलेजला जाणार नाही. तुझ्यासाठी नको म्हणालीस, आणि माझ्यासाठी जावं असं अजून वाटत नाही. काल पाड्याबाहेरच्या पंपाचं तोंड उघडलं तर आधी नुसती हवा आली, मग गढूळ, मग पाणी. एक म्हातारी त्यात पाय धुवायला आली आणि माझ्या हातात कांदा देऊन गेली. मला ते बरं वाटलं. का, ते ठाऊक नाही. वर्षभर बघतो.

माझी सगळी पत्रं मी आठवून पाहिली. हे लाव, ते लावू नकोस, डोळे मीट, चष्मा घाल, दिवाळीत ठरवू. तुला विचारलं असं एकच होतं, की "तुझा" वाचून तुला काय वाटलं. तेही माझ्याबद्दलच.

म्हणून आज फक्त एक विचारतो, आणि त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

आज बाण कसे गेले?

ललित